गंधालीने लांडग्याची गोष्ट दुरुस्त केली

"पंधरा मिनिटं द्या मला," गंधाली म्हणाली. "वीस नकोत. पंधराच."

ती हे ज्या सुरात म्हणाली, तो ऐकून कुणालाही वाटलं असतं की ही आता गॅसचा रेग्युलेटर बसवून दाखवणार आहे. प्रत्यक्षात तिला सहा वर्षांच्या मीराला सांगायचं होतं की तुझी आजी मेली.

वनमालाबाई जाऊन पाच दिवस झाले होते. गंधालीची आई, मीराची आजी. वर्षभर डायलिसिस चालू होतं, आणि एका मंगळवारी दुपारी तिथेच, सेंटरच्या खुर्चीत, त्या गेल्या. सगळं आटोपेपर्यंत मीराला शेजारच्या सोनिया दीदीकडे कार्टून लावून बसवलं होतं. परत आणल्यावर शिशिरने, म्हणजे तिच्या बापाने, गंधालीच्या दादाने, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तिला सांगितलं की आजी नागपूरला गेली.

हे नागपूर दीड दिवस टिकलं.

आधी मीराला आजीचा फोन चार्जिंगला लावलेला सापडला. मग दाराशी चपला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाला बसलेले असताना ती मोरीजवळच्या कोनाड्यातली स्टीलची वाटी दोन्ही हातांत धरून, पाणी न सांडता, हळूहळू चालत आली. वाटीत आजीची कवळी होती.

"पापा, आजी दाँत छोड़ के नागपुर गई?"

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या सगळ्या पोरांसारखी तीही मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर द्यायची. शिशिर चहा तसाच ठेवून उठला, न्हाणीघरात गेला आणि त्याने नळ मोठा सोडला.

"पोट्टीले काही सांगू नका," दत्तोपंत रोज म्हणत. ते वनमालाबाईंचे धाकटे दीर. वय शहात्तर, आणि घरात कुणी गेलं की सगळा कारभार त्यांच्याकडे. "लहान हाये. आपोआप विसरते."

"तीन दिवस झाले, ती वाटी घेऊन दारात बसून राहिली आहे, काका," रूपाली शेवटी म्हणाली. ती मीराची आई. "जेवत नाही. हे विसरणं आहे का?"

आणि म्हणून पाचव्या दिवशी गंधालीने पंधरा मिनिटं मागितली.

ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि शंकर नगरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट तपासायची. स्वतःच्या आईचे क्रिएटिनिनचे आकडे वर्षभर तिनेच वाचले होते, दशांशासकट, आणि आईला ते खोटे सांगितले नव्हते. खरं सांगायला धैर्य लागत नाही, पद्धत लागते, असं तिचं मत होतं. पद्धत शोधायला तिने मोबाईलवर चार लेख वाचले. चारही लेखांचं म्हणणं एकच होतं: लहान मुलांना भीतीदायक परीकथा आवडतात, कारण त्यांत भीती लशीसारखी मिळते. थोडी, मोजून, ओळखीच्या माणसाच्या मांडीवर.

मीराची लस ठरलेली होती. लांडग्याची गोष्ट.

ती जगातल्या सगळ्या पोरांना माहीत असलेलीच गोष्ट, पण वनमालाबाईंनी ती रायपूरला आणून ठेवली होती. लाल ओढणीतली पोट्टी आजीसाठी डब्यात ठेठरी-खुरमीचा फराळ घेऊन खारून नदीच्या पलीकडच्या रानात जायची. लांडगा आधीच पोचून आजीला गिळून, तिचा चष्मा लावून, पांघरुणात पडलेला असायचा. सुटका करायला यायचा पंडरीच्या कापडबाजारातला शिंपी, त्याच्या मोठ्या कात्रीसकट. वनमालाबाई साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या, त्यामुळे शिंप्यावर त्यांचा विश्वास जास्त. शिंपी लांडग्याचं पोट टरटर कापायचा, आजी बाहेर यायची, पदर झटकायची आणि म्हणायची, "चहा टाक." मग लांडग्याच्या पोटात दगड भरून शिंपी वरून पिको करून टाकायचा.

"चहा टाक"ला मीरा रोज तितकीच हसायची. आणि गंमत अशी, की एरवी मराठीचा एक शब्द न बोलणारी ती पोरगी ही गोष्ट मात्र अख्खी मराठीत सांगायची. तिला वाटायचं, ती हिंदीत होतच नाही.

गंधालीने दुपारी दार लोटून घेतलं, मीराला मांडीवर घेतलं आणि गोष्ट सुरू केली. लांडग्याने आजीला गिळलं तिथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. मीरा वाटी बाजूला ठेवून, अंग चोरून ऐकत होती.

"आणि मग," गंधाली म्हणाली, "शिंपी आला नाही."

मीराने मान वर केली.

"म्हणजे शिंपी असतो, पण त्याचा उपयोग नसतो. पोटात अॅसिड असतं, मीरा. एकदा आत गेलेलं परत येत नाही. खरं सांगायचं तर लांडगा अख्खा माणूस गिळूच शकत नाही, त्याचा जबडा..." इथे ती थांबली, कारण हे पंधरा मिनिटांत बसणारं नव्हतं. "आपल्या आजीचंही तसंच झालं. ती मेली. परत नाही येणार."

मीराने वाटी परत मांडीवर घेतली. मग तिने एकामागून एक प्रश्न विचारले, आणि गंधालीला ते फारच आवडले, कारण ते क्रमवार होते.

"आजी को किसने खाया?"

"आजाराने."

"वो कैसा दिखता है?"

"दिसत नाही सहसा."

"किसी को भी नहीं?"

"डॉक्टरांना दिसतो थोडा."

"काला है?"

गंधालीने घड्याळ पाहिलं. तेरा मिनिटं झाली होती. "काळाच समज," ती म्हणाली.

मीरा उठली, वाटी मोरीजवळ जागेवर ठेवून आली, आणि संध्याकाळी दोन पोळ्या जेवली.

गंधालीने त्या पोळ्या मोजल्या होत्या. पुढचे चार दिवस मीराने एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हा तर ती रूपाली वहिनीला म्हणाली, "बघ. खरं सांगितलं की संपतं." लॅबमध्ये एखाद्या मशीनने चार दिवस एकसारखाच आकडा दाखवला असता तर तिने ते मशीन बंद करून इंजिनियरला बोलावलं असतं. घरात मात्र ती खूश झाली.

नवव्या दिवशी संध्याकाळी दत्तोपंतांनी सगळ्यांना समोर बसवून उद्याचं समजावलं. मीरा आईच्या पाठीला टेकून ऐकत होती.

"उद्या दहावा. सकाळी आठले घाटावर. भाताचा पिंड करायचा. तो पिंड म्हंजे आता आपली वहिनीच समजा. तो उघड्यावर ठेवायचा आन् आपण दूर व्हायचं. मंग कावळा येते. त्यानं खाल्लं का वहिनी सुटली."

"आणि नाही खाल्लं तर?" शिशिरने विचारलं.

"तर तिची काही इच्छा राह्यली. ते वळखून कबूल करा लागते."

"मीराला सोनियाकडे ठेवू का?" रूपाली म्हणाली.

"कशाला?" गंधाली म्हणाली. "तिला सगळं माहीत आहे. लपवायचं काय आता? येऊ दे तिला."

ही तिची दुसरी चूक. पहिलीची अजून तिला बातमी नव्हती.

सकाळी घाटावर ऊन लवकर चढलं. शिशिरचं डोकं नुकतंच भादरलेलं, त्यावर वस्तऱ्याची एक लाल रेघ. यज्ञेश्वर गुरुजींनी भराभर मंत्र म्हटले. त्यांना अकरा वाजता दुसरीकडे जायचं होतं. पिंड पत्रावळीवर ठेवून पत्रावळ दगडी चौथऱ्यावर ठेवली, आणि सगळे वीस पावलं मागे येऊन उभे राहिले. मीरा पिंपळाच्या पलीकडे सावलीत खेळत होती. कुणाचं लक्ष नव्हतं.

समोरच्या तारेवर अकरा कावळे होते. गंधालीने मोजले. आई गेल्यापासून ती सगळंच मोजत होती.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला कावळा उतरला. चौथऱ्यापासून दोन हातांवर आला, एकदम दचकला आणि उडून गेला. दुसरा आला. तोही तिथूनच परत. तिसरा तर हवेतच वळला.

"काहीतरी राह्यलं हाये," दत्तोपंत म्हणाले. "बोल, शिशिर. कबूल कर."

शिशिरने हात जोडले. "आई, मीराला मराठी शिकवीन."

कावळा आला, गेला.

"गच्चीचं गळतं ते पावसाळ्याआधी नीट करीन."

कावळ्याला गच्चीत रस नव्हता.

रूपाली पुढे झाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "आई, तुमची जांभळी पैठणी हरवली नाही. मी माझ्या बहिणीला लग्नात नेसायला दिली होती. तिच्यावर वरण सांडलं. मी आणते परत."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पैठणीपायी मोलकरणीला काढून टाकलं होतं. कावळा मात्र आला नाही.

साडेनऊ झाले. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. दत्तोपंतांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि ते स्वतःच चौथऱ्याकडे दोन पावलं गेले.

"वहिनी, सत्त्याहत्तर साली तुमच्या माहेरचा रेडिओ म्याच पाडला होता. आळ दादावर आला. त्यायनं दोन दिवस उपास काढला तुमच्या रागापायी. मी जेवून राह्यलो होतो." ते थांबले, मान तिरपी करून तारेकडे पाहिलं. "आता त बस झालं ना?"

बस झालं नव्हतं.

गंधाली आपल्या परीने मदत करत होती. तिने सांगितलं की कावळा हा अतिशय सावध पक्षी आहे, माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो, आणि दादाच्या ताज्या टकलावरून ऊन परावर्तित होतंय, त्याने डोक्यावर पंचा घ्यावा. शिशिरने पंचा घेतला. काही फरक पडला नाही.

"दर्भाचा कावळा करून शिवता येईल," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात सोय आहे."

"नाही," शिशिर म्हणाला.

"अहो, सगळे करतात. शहरात कावळे कुठे..."

"अकरा बसले आहेत, गुरुजी. समोर बसले आहेत आणि येत नाहीत." तो एकदम खाली बसला, ओल्या पायरीवरच. "मला माहीत आहे काहून येऊन नाही राहिले ते."

गुरुजींनी हातातला दर्भ खाली ठेवला.

"त्या दिवशी तिने मला तीनदा फोन केला. सेंटरवरून. मी मीटिंगमध्ये होतो. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा वाजू दिला. मला वाटलं, गाडी कधी पाठवतो म्हणून विचारते." त्याने पंचा डोक्यावरून ओढून तोंडावर घेतला. "आई, मी कट केला. मी मुद्दाम कट केला."

आता एखादा कावळा यायला हवा होता. सगळेच तारेकडे बघत होते. रूपालीसुद्धा, दत्तोपंतसुद्धा, आणि जिचा या गोष्टींवर कणभर विश्वास नाही ती गंधालीसुद्धा. एक कावळा खरंच उतरला. चौथऱ्याच्या कडेवर बसला. पिंडाकडे एक पाऊल टाकलं. आणि काहीतरी लागल्यासारखा ओरडून उडाला.

पंच्याखालून शिशिरचा जो आवाज आला तो गंधालीने आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता.

पण तिचं शिक्षण अगदीच वाया गेलेलं नव्हतं. काहीतरी लागल्यासारखा. सगळे कावळे एकाच ठिकाणाहून वळत होते, आणि सगळे डावीकडेच वळत होते. म्हणजे जे काही होतं ते उजवीकडून येत होतं. उजवीकडे पिंपळ होता.

ती कुणाला न सांगता पिंपळामागे गेली.

मीरा मुळांच्या खोबणीत उकिडवी बसली होती. फ्रॉकच्या ओच्यात दगड. मापाने लावलेले: लहान एकीकडे, मोठे एकीकडे. आणि गुडघ्याजवळ, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आजीची फॉल-पिकोची मोठी कात्री.

"तू मारते आहेस त्यांना?"

"शूऽऽ," मीरा म्हणाली. "अभी एक और आएगा."

"मीरा, काहून?"

मीराने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पेपर हिनेच काढला आणि उत्तर मलाच विचारते आहे. "तूने ही तो बोला था. काला है. खाता है." तिने आधी दत्तोपंतांकडे आणि मग चौथऱ्याकडे बोट दाखवलं. "छोटे दादाजी ने बोला वो आजी है. वो खा लेगा तो फिर अॅसिड."

"मग कात्री कशाला?"

"खा लिया तो काटने के लिए." तिने दोन बोटांनी माप दाखवलं. "पर पेट बहुत छोटा है, आत्या. आजी टुकड़े-टुकड़े निकलेगी. इसलिए खाने ही नहीं दे रही."

गंधाली मातीत बसली. पोरीने दिलेल्या माहितीवरून अचूक निष्कर्ष काढला होता. माहितीच गंधालीने दिली होती. पलीकडे एक माणूस, आपल्या आईने आपल्याला माफ केलं नाही म्हणून, पायरीवर बसून हुंदके देत होता, आणि कारण इथे होतं, मापाने लावलेलं.

"तो भात आहे, मीरा," ती म्हणाली. "नुसता भात. सकाळी काकांनी कुकरला लावला. आजी त्यात नाही."

"फिर कहाँ है?"

"कुठेच नाही."

"नागपुर में?"

"नाही गं."

"थोड़ी-सी भी नहीं?"

गंधालीने नाही म्हणून मान हलवली.  आईला जाळून नऊ दिवस झाले होते आणि हे वाक्य तिने अजून स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

मीराने एक दगड उचलला, हातात फिरवला, परत ठेवला. "और कहानी में? कहानी में तो निकलती थी. तूने बिगाड़ दी."

"हो."

"गलत बताई ना?"

"चुकले मी," गंधाली म्हणाली. "गोष्टीत ती निघते."

"पूरी बता. शुरू से."

"आत्ता? मीरा, तिकडे पप्पा..."

मीराने मोठा दगड उचलला. गंधालीने शुरू से सांगायला घेतलं. ठेठरी-खुरमीचा डबा, नदी, रान. ती घाईत होती, आणि मीरा घाई करू देत नव्हती. "चष्मा राहिला," ती मराठीत म्हणाली. गंधालीने चष्मा घातला. "कात्री टरटर वाजली." वाजली. दुरुस्त झालेल्या दर चुकीमागे मीरा एक दगड ओच्यातून जमिनीवर ठेवत होती, आणि चुका बऱ्याच होत्या. शेवटी आजी बाहेर आली, तिने पदर झटकला, आणि गंधालीचा आवाज गेला.

मीराने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनेच म्हटलं, "चहा टाक."

ओचा रिकामा झाला होता.

नेमका तेव्हाच पलीकडे दत्तोपंतांनी शेवटचा उपाय काढला. दोन्ही हात वर करून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "वहिनी, गंधालीची काळजी सोडा! तिचं लग्न या साली म्या करून देतो!"

आणि कावळा आला. एक आला, मागून दुसरा, मग तारेवरचे सगळे अकरा. दोन मिनिटांत पत्रावळीवर शीतसुद्धा उरलं नाही.

"पाह्यलं?" दत्तोपंत रडत आणि हसत होते. "पाह्यलं का? पोट्टीत जीव अडकला होता बाईचा."

शिशिरने तोंडावरचा पंचा काढला. गंधाली मीराचा हात धरून येत होती. तो उठून तिच्याकडे आला. "फोनचं नव्हतं, गंधू," तो म्हणाला. "तुझ्या लग्नाचं होतं. फोनचं तिच्या मनातच नव्हतं." दहा दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा माणसासारखा दिसत होता.

गंधालीकडे पूर्ण स्पष्टीकरण तयार होतं. दगड थांबले म्हणून कावळे आले, लग्न हा योगायोग, नमुना एक. वर्तमानपत्रातली कात्री तिच्या काखेत टोचत होती. हे सांगितलं असतं तर मीराला मार बसला असता, तो सोसता आला असता. पण मग कावळ्याचं येणं काहीच सिद्ध करत नव्हतं, आणि फोनचा प्रश्न पुन्हा होता तिथे, ओल्या पायरीवर, येऊन बसला असता.

खरं सांगायला पद्धत लागते, असं तिचं मत होतं. तिने ती शोधली. सापडली नाही.

"हो, दादा," ती म्हणाली. "तेच असेल."

यज्ञेश्वर गुरुजींनी पिशवीतून डायरी काढली. अकराच्या घाईतही त्यांना आठवलं होतं की पंडरीला एक चांगलं स्थळ आहे, मुलाचं नाव विहंग, कापडाचं घाऊक दुकान, पत्रिका पाहायलाच नको, कारण साक्षात कावळ्याने कौल दिला आहे.

तो विहंग परवा रविवारी चहाला येतो आहे. मोठ्या बहिणीला आणि भावजींना घेऊन. दत्तोपंतांनी पोहे करायला सांगितले आहेत. गंधालीने दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा शिशिर नेमका समोर शांतपणे जेवत होता.

काल दुपारी ती गच्चीत कपडे वाळत घालत असताना मीरा वर आली. फ्रॉकचा ओचा दोन्ही हातांनी धरलेला.

"आत्या, संडे को जो आ रहा है, वो तुझे ले जाएगा?"

"असं सगळ्यांचं म्हणणं आहे."

मीराने ओचा थोडा उघडून दाखवला. "रख लूँ?"

गंधालीने आधी जिन्याकडे पाहिलं. मग वाकून नीट तपासणी केली.

"मोठे नको घेऊस," ती म्हणाली. "आणि डोक्यावर नाही मारायचं."